चिलखताचा गुडघा

आई, माफी मागायला बसलेली नाही, हे आधीच सांगून टाकते. तू जाऊन अकरा वर्षं झाली. तुझ्याशी एक भांडण अर्धवट राहिलंय असं मला या अकरा वर्षांत फार वेळा वाटलं, आणि ते पुरं करायला लिहिते आहे. माझं मराठी लिहिणं अजून तसंच आहे, शाळेतल्या हिंदीच्या आधाराने चालणारं. मी 'मतलब' म्हटलं की तू पोळी लाटता लाटता, मान वर न करता 'म्हणजे' म्हणायचीस, आणि मी पुन्हा 'मतलब' म्हणायचे. चुकून नाही, मुद्दाम. मी अशी का वागते, हा प्रश्न तू मला माझ्या तिशीत विचारलास, पण मी आठव्या वर्षापासून अशीच होते.

तू सांगलीहून लग्न होऊन जयपूरला आलीस, मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवू लागलीस, आणि बाबा गेल्यावर आदर्श नगरच्या घरात आपण दोघीच उरलो. शहरातल्या निम्म्या डॉक्टरांनी हाडांची नावं तुझ्याकडून पाठ केली होती. मी डॉक्टर होणार हे आपल्या घरात कुणी ठरवलंच नव्हतं. घराच्या फाटकावर नंबर असतो, तसं ते होतं. मला प्रवेश मिळाला आणि दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर मी सोडून दिलं. नापास झाले नव्हते, आई. तुझ्याच विषयात वर्गात तिसरी होते. तू मात्र सगळ्यांना सांगितलंस की मला कावीळ झाली, वर्ष वाया गेलं. ते वर्ष वाया गेलं नाही, हेच मला सांगायचंय.

त्या उन्हाळ्यात कुलरची टाकी गंजून गळायला लागली होती. तूच मला मुरलीपुऱ्याला पाठवलंस, सीकर रोडवरून आत एका कारखान्यात, तिथे पत्र्याची कामं चांगली करतात म्हणून. कारखाना म्हणजे एक शेड, बाहेर कुलरचे सांगाडे रचलेले, आत पन्नाशीचे एक गृहस्थ ठेंगण्या चौरंगावर बसलेले. सगळे त्यांना उस्तादजी म्हणत. त्यांच्यासमोर लाकडाचा जाड ओंडका होता, त्यात वाटीसारखा खळगा कोरलेला. त्या खळग्यावर त्यांनी सपाट पत्रा ठेवला आणि हातोडी मारायला सुरुवात केली. मी टाकीचं माप द्यायला गेले होते आणि बघत उभी राहिले. पत्रा आधी चुरगळला, कडेने त्याला चुण्या पडल्या, वाटलं गेला हा वाया. मग त्यांनी एकेक चुणी कडेकडून आत बसवत नेली, आणि तासाभरात त्यांच्या हातात नारळाच्या अर्ध्या कवटीसारखा गोल तयार झाला. कुठे जोड नाही, कुठे चीर नाही. मी विचारलं, हे काय होणार? ते म्हणाले, टोप. युरोपातल्या जुन्या काळच्या घोडेस्वारांची डोक्यापासून पायापर्यंतची पोलादी चिलखतं असतात ना, तशी भिंतीला लावायला बाहेरदेशी मागवतात. टाकीचं माप द्यायचं राहूनच गेलं. दुसऱ्या दिवशी द्यायला म्हणून गेले आणि आज वीस-बावीस वर्षं झाली, जातेच आहे.

त्यांनी मला लगेच घेतलं नाही. डॉक्टरनीजींची मुलगी आहेस, हात खराब होतील, म्हणाले. मी जाऊन बसतच राहिले तेव्हा कंटाळून त्यांनी हातात हातोडी दिली, आणि तीन महिने बशीएवढ्या चकत्या ठोकायला लावल्या. फक्त चकत्या. ते माझ्याकडे पाठ करून स्वतःचं काम करायचे आणि आवाजावरून सांगायचे की आता पातळ झाला, आता फाटेल. आणि तो फाटायचा. पत्रा ठोकून कडक होतो, मग तो लाल तापवून सावकाश निवू द्यायचा, की पुन्हा मऊ होऊन ऐकायला लागतो. शेवटी गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने मठारायचं, प्रत्येक घाव आधीच्या घावावर निम्मा पडला पाहिजे. हे सगळं मी तुला सांगितलं असतं. तू विचारलं नाहीस. तू मुरलीपुऱ्याला एकदाही आली नाहीस, आणि आपल्या घरापासून तिथे सरळ बस जाते.

एक संध्याकाळ मला नेहमी आठवते. माझ्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत भाजलंय, मी बाही खाली ओढून स्वयंपाकघरात ताट घ्यायला आलेय. तू तव्यावरची भाकरी उलटतेस, माझ्या बाहीकडे बघतेस, गॅस बंद करतेस. माझा हात नळाखाली धरतेस, किती तरी वेळ, मग गॉज आणतेस आणि वॉर्डात बांधतात तशी पट्टी बांधतेस. आणि म्हणतेस, "डॉक्टर म्हणून विचारते, आई म्हणून नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतंस?" मी सांगितलं. तू गॅस पुन्हा पेटवलास. आई म्हणून तू त्या संध्याकाळी काहीच विचारलं नाहीस. मीही मग मुलगी म्हणून काही सांगितलं नाही. भाकरी मात्र चांगली झाली होती.

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत तू मला लोकांसमोर उभी करायचीस, 'ही एक्सपोर्टमध्ये आहे' म्हणून. त्या हॉलमधल्या सगळ्या काकूंना मी एक्सपोर्टमध्ये वाटायचे, ऑफिसात बसून फोन करणारी. पहिल्या वर्षी मी हसून घेतलं. दुसऱ्या वर्षी मी तुझ्यादेखत एका काकूंना म्हटलं की मी चिलखतं बनवते, आणि तू लगेच म्हणालीस, शोभेच्या वस्तूंचा धंदा आहे हो, ही गंमत करते. तुला लाज वाटत होती हे मला कळत होतं. तुला जी लाज वाटत होती तिच्यासाठी मी माझं काम का बदलायचं, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही.

मला भिंतीवरची चिलखतं करायची नव्हती. त्यांचे गुडघे वाकत नाहीत, कारण भिंतीला चालायचं नसतं. मला असं करायचं होतं की जे घालून माणूस बसेल, उठेल, लढेल. बाहेरदेशी खेळ म्हणून तशी माणसं खरोखर लढतात, आणि त्यांतल्या एका बाईने, ती शाळेत शिक्षिका होती, माझ्याकडून पायांचं चिलखत मागवलं. माझं स्वतःचं पहिलं काम. मांडीचा पत्रा, गुडघ्याची वाटी, वाटीच्या वर-खाली खिळ्यांनी जोडलेल्या, एकावर एक सरकणाऱ्या पट्ट्या, आणि नडगीचा पत्रा. चार महिने लागले. उस्तादजींनीही हात फिरवून मान हलवली. मी पाठवलं, आणि दीड महिन्याने उजवा पाय खोक्यातून परत आला, बरोबर चिठ्ठी. सरावात ती एका गुडघ्यावर बसली, गुडघा अडकला, उठताना तोल जाऊन पडली आणि तिचं मनगट मोडलं. तिने शिव्या दिल्या नव्हत्या. फक्त लिहिलं होतं की हे कुणाला विकू नका.

उस्तादजी म्हणाले, "दीवारवाला माल बनाओ बेटा. दीवार गिरती नहीं." त्यांनी प्रेमानेच म्हटलं होतं. मी तो पाय घरी आणला, जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि खोलीत जाऊन पडले. टेबलावर आधीपासून तू लॅब टेक्निशियनच्या कोर्सचा फॉर्म ठेवला होतास, माझं नाव, जन्मतारीख भरून, खाली फक्त सही राहिलेली. खरं सांगते, त्या दुपारी मी ती सही केली असती. माझ्या हातून एका बाईचं हाड मोडलं होतं. बाकी सगळ्याशी मी भांडले असते, याच्याशी कशी भांडणार?

मग बाहेर पत्र्याचा आवाज आला. मी दार उघडून बघते, तर तू हॉलमध्ये उभी. कॉलेजातून आलेली, इस्त्रीच्या सुती साडीत, साडी उजव्या मांडीपर्यंत खोचलेली, आणि पायात माझं चिलखत. पट्टे तू नीट आवळले होतेस. तू पलंगाच्या कडेपर्यंत चाललीस, भिंतीला हात लावून सावकाश वाकायला लागलीस, आणि अर्ध्यात थांबलीस. साठीला आलेली बाई होतीस. मला हसूही आलं नाही आणि रडूही. तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "गुडघा म्हणजे दाराची बिजागरी नव्हे. वाकताना मांडीचं हाड नुसतं फिरत नाही, मागे सरकतं. तू खिळा पुढे मारलास, आणि भोक गोल ठेवलंस. हाडाला सरकायला जागा कुठे आहे?" मग तू कपाटातून चष्मा आणलास, काचेवर खुणा करायची पेन्सिल आणलीस आणि पत्र्यावर दोन खुणा केल्यास, खिळ्याच्या जागेहून मागे आणि जराशा वर. मी खाली बसून तुझ्या पायाचे पट्टे सोडले. तू साडी नीट केलीस आणि म्हणालीस, "कळलं? एवढं तुला दुसऱ्या वर्षालाच येत होतं. आता त्या फॉर्मवर सही कर."

"नाही करणार," मी म्हटलं.

तू खूप बोललीस त्या दिवशी. बाबा असते तर, म्हणालीस. माझ्या शिकवण्याची तू लोहाराकडे माती केलीस, म्हणालीस. लोहाराकडे, असं तू ज्या आवाजात म्हणालीस तो आवाज मी विसरलेले नाही, आणि त्या आवाजाला मी माफ केलेलं नाही. उस्तादजींनी मला शिकवताना कधी माझ्या आईचा पाणउतारा केला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुरलीपुऱ्याला गेले, तुझ्या खुणांवर भोकं पाडली, आणि गोल नाही, लांबट पाडली, खिळा त्यात दोन-तीन सूत, म्हणजे सेंटीमीटरभर, मागेपुढे सरकेल अशी. नंतर कधीतरी जुन्या चिलखतांची चित्रं बघताना कळलं की शेकडो वर्षांपूर्वीचे कारागीरही तसंच करत. मला मात्र ते चित्रांतून नाही, तुझ्या खुणांवरून आधीच कळलं होतं. दोन्ही पाय नव्याने करून मी त्या शिक्षिकेला पाठवले, आणि हात बरा झाल्यावर तिने फोटो पाठवला. बर्फात एका गुडघ्यावर बसलेली, तोंडावर मोठं हसू. मी तो फोटो टेबलावर तुला दिसेल असा ठेवला. तू ताटं मांडायला तो बाजूला सरकवलास. बस, एवढंच. आमटी वाढलीस.

मी तुला बोल लावायला हे लिहीत नाही, पण तू बरोबर होतीस असंही लिहिणार नाही. तू जाईपर्यंत मी त्याच शेडमध्ये होते, आज ती शेड मी चालवते. तेराव्याला तुझ्या कॉलेजातले एक ज्येष्ठ प्राध्यापक आले, सगळ्यांसमोर म्हणाले की मॅडमना तुझ्या एक्सपोर्ट बिझनेसचं कौतुक होतं. हॉल भरलेला होता. मी म्हटलं, "सर, मी एक्सपोर्टमध्ये नाही. मी लोखंड ठोकते." मावशीने माझा दंड दाबला. कुणीतरी पाण्याचा ग्लास पुढे केला. तुझ्या तेराव्याला मी तुला खोटं पाडलं, असं मावशी अजून म्हणते. पाडलं. परत तो दिवस आला तर परत पाडेन.

आता माझ्याकडे चार-पाच जण शिकायला येतात. त्यांत एक निवृत्त हवालदार आहेत, साताऱ्याकडचे, शेवटचं पोस्टिंग इथे झालं आणि इथेच राहिले. माझ्या शेडमध्ये मराठी बोलणारं आजवर कुणी आलं नव्हतं. गेल्या आठवड्यात त्यांनी पहिला गुडघा जोडला, हाताने वाकवून बघितला, परत वाकवून बघितला, आणि म्हणाले, "बाई, हे भोक लांबट ठेवायचं तुम्हाला कुणी शिकवलं?"

हा प्रश्न मला नवा नाही. गिऱ्हाइकं विचारतात, शिकणारे विचारतात. माझं उत्तरही ठरलेलं आहे. उस्तादजी आता थकलेत, ऐकू कमी येतं, दारापाशी खुर्ची टाकून उन्हात बसतात. मी त्यांच्याकडे बोट दाखवते. त्यांना वाटतं चहाचं विचारतेय, ते मान हलवतात. इतकी वर्षं मी हे हिंदीत सांगत आले आणि मला काही वाटलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मराठीत सांगितलं. "उस्तादजींनी," म्हटलं. हवालदारांनी खिशातून वही काढली, उस्तादजींचं नाव नीट अक्षरात लिहून घेतलं, पुढे गुडघ्याची आकृती काढली.

हे कागद मी कुणाला दाखवणार नाही. कापायच्या मापांचे कागद असतात त्या गठ्ठ्यात घालून ठेवेन, तिथे माझ्याशिवाय कुणी हात घालत नाही. हवालदार रोज येतात, वही रोज बरोबर असते. नाव खोडा म्हणून मी अजून त्यांना सांगितलेलं नाही. सांगेन की नाही, ते माझं मी ठरवीन.