शेवटून पहिली

२३ जानेवारी, शुक्रवार

प्रिय ताई,

कंबर कशी आहे? मशीनवर बसताना पाठीला उशी घेतेस ना? मी बरी आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. शाळेच्या शिपाईण मावशींच्या हाती चिठ्ठी मुद्दाम तुझ्या शिवणाच्या दुकानावर पाठवतेय. घरी फोन केला तर तूच उचलशील असं नाही.

माझ्या दुसरीच्या वर्गातली चिमणी आठवते? मी फळ्यावर गणित लिहून हात झटकेपर्यंत हिचं उत्तर तयार. ज्याचं आधी होईल त्याला मी बक्षीस म्हणून सामानाच्या खोलीतून खडू आणायला पाठवते. पोरं त्यासाठी जीव टाकतात. चिमणी रोज जायची.

दोन महिन्यांपासून ती मागे पडली. वही पुढ्यात घेऊन नुसती बसायची. मी चिडवलं, "काय गं, शेवटून पहिली?" वर्ग हसला, मीही हसले. वर तिच्या आईला शेरा धाडला, की आळस वाढलाय. वीस वर्षं मास्तरकी केली आणि अक्कल एवढीच.

काल तिची वही नीट पाहिली. बरोबर उत्तरं लिहून खोडलेली. शेजारी बसून विचारलं, तर म्हणाली, "पहिलं झालं की खडू आणायला जावं लागतं. तिथले काका दार लावून घेतात." पुढचं मी इथे लिहिणार नाही. "बाई, मला शेवटचीच राहू द्या," म्हणाली. तिला सांगितलं, तुझी काही चूक नाही. चूक माझी आहे ताई, मीच तिला पाठवत होते.

त्या खोलीची किल्ली कोणाकडे असते, ते तुला ठाऊक आहे. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "तुमच्या घरचंच माणूस. पोरीचा गैरसमज असेल, जरा सबुरीनं घ्या." एक रात्र मीही सबुरीनं घेतलं, खोटं कशाला बोलू. भावजींनीच मला या शाळेत चिकटवलं. तुझा संसार माझ्याच हातानं मोडतोय, हेही कळतं. पण चिमणीच्या आईला घेऊन आज सकाळी तक्रार दिली. चौकीतल्या बाकावर बसूनच लिहितेय, मावशी सोबत आल्यात; जबाब होईस्तोवर मला हलता येत नाही. तुला आधी कळवलं नाही. भीती वाटली, तू रडशील आणि मी मागे फिरेन. त्याचा राग धरलास तरी चालेल.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. परवा तू हसत म्हणालीस, तुझी छकुली शाळा सुटली तरी रेंगाळते, घरी यायचं नाव घेत नाही, फाटकातून रोज सगळ्यांत शेवटी निघते. मीही तेव्हा हसले होते.

तिला रागावू नकोस. हे वाचलंस की दुकान बंद कर, तिला शाळेतूनच घे आणि घरी न जाता माझ्याकडे ये. मी तोवर पोचते. काय विचारायचं ते आपण दोघी मिळून, हळू विचारू.

दार उघडं ठेवून वाट पाहणारी,
तुझीच, तू म्हणशील तर,
धाकटी