बाबांच्या कानांची तपासणी

३ जानेवारी

एकोणपन्नास झाले. प्रबंधासाठी गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर, काम केलेल्या सत्तर जणांचे कान तपासायचेत, अजून एकवीस हवेत. आणि एक तर घरातच बसलाय — लवू परब, बत्तीस वर्षं साचेखात्यात! बाबांना विचारलं. "माका ऐकाक येता." संपलं.

आई गेल्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून आमचं बोलणं एवढंच. शेवटच्या दुपारी ती हॉस्पिटलात हाका मारत राहिली आणि हे शेजारच्या खुर्चीत, खिडकीकडे तोंड करून बसले. नर्सनेच सांगितलं मला. कशी माफ करू?

९ जानेवारी

कुशाबाकाका कान तपासून घेऊन गेले — बाबांचे गिरणीतले जोडीदार. परतताना घरी डोकावले वाटतं. काय बोलणं झालं कोण जाणे. मी घरी आले तर बाबा म्हणाले, "उद्या येतंय."

१० जानेवारी

स्वतःच्या बापाला मी तपासणं बरोबर नाही, म्हणून राजरत्नला सांगितलं. आमच्याच विभागातला. मी काचेबाहेर उभी.

आधी दोघांच्या मस्त गप्पा. पापलेट किती महागलंय, लालबागला पूर्वी कसं होतं. सगळं बरोबर ऐकत होते! मग राजरत्नने नेहमीसारखा तोंडासमोर कागद धरला आणि शब्द म्हणायला लागला. घर. पाणी. भात. बाबा गप्प. परत म्हटले, मोठ्याने. गप्पच.

"तो कागद काढ रे झिला. तोंड दिसाक होया."

कागदाआड पंचवीसपैकी दोनच शब्द ओळखता आले.

राजरत्न आलेख घेऊन बाहेर आला. म्हणाला, "अनूताई, हे आजकालचं नाही. खूप जुनं आहे."

साच्यांच्या खडखडाटात कामगार एकमेकांचे ओठ वाचून बोलायचे — हे माझ्या प्रबंधाच्या पहिल्याच पानावर आहे. मीच लिहिलंय! आणि घरात एवढी वर्षं समोरासमोर जेवलो.

११ जानेवारी

आईला माहीत होतं. नक्की. तिने स्वयंपाकघरातून त्यांना कधी हाक मारली नाही. ओले हात पदराला पुसत समोर यायची, मग बोलायची. मला वाटायचं, काय तो नवऱ्याचा मान!

आणि शेवटी तिच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. ओठ झाकलेले.

१२ जानेवारी

रजा टाकली. काही केलं नाही. बाबा पेपर वाचत होते, मी त्यांच्याकडे बघत बसले.

१५ जानेवारी

बाबांच्या समोर बसले. विचारलं, का नाही सांगितलंत कधी?

"काय सांगतलंय? साचेखात्यातले सगळेच तसे. आणि तुझी आवस होती मा." आई होती तोवर निभावलं.

मी उठणार तेवढ्यात आपणहून म्हणाले, "मास्क हलताना दिसलो माका. वाटला, पाणी मागता. डॉक्टरान पाणी देऊ नको म्हणान सांगलेलान. बघवला नाय गो. म्हणान तोंड फिरवलंय."

मग माझ्याकडे वळून त्यांनीच विचारलं,

"नर्सीक ऐकाक इला असतला. तुका सांगल्यान काय? काय म्हणा होती ती?"

चहा टाकते म्हणून उठले. त्यांच्याकडे पाठ करून रडले. मोठ्याने रडले तरी चालणार होतं.

१६ जानेवारी

आजही विचारलं त्यांनी. नुसत्या डोळ्यांनी.

१७ जानेवारी

सांगितलं. नर्सचे शब्द, जसेच्या तसे. इथेसुद्धा मी ते कधी लिहिले नव्हते — "सारखं अनू, अनू करत होत्या." मी चर्चासत्रात होते. फोन बंद होता. हाका मला होत्या, बाबा.

ते माझ्या ओठांकडे बघत होते. दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.