गवळीआळीखालची बंद लाइन

पर्वती पायथा, पुणे
रविवार, १५ मार्च २०२६

चि. नमू,

जय भीम. इकडे सगळं ठीक. तुझ्या वहिनीचा, कौशल्याचा, गुडघा होता तसाच आहे. सदाशिव पेठेतल्या खानावळीचा जिना ती तरीही रोज चढते. तू फोन उचलत नाहीस, मेसेजला एकच टिक दिसते. म्हणून पोस्टाने लिहितोय. पाकीट फोडलंस एवढंही पुष्कळ झालं.

तू कौशल्याला म्हणालीस म्हणे, "दादाने माझ्यासाठी काय केलं आजवर?" तर माझ्या हातांनी केलेलं लिहितो. तुझ्या शिलाई मशिनचं सागवानी टेबल, एकही खिळा नाही. आईला दम लागायचा म्हणून डोक्याकडून उचलता येणारी खाट. तुझ्या पूर्वाचं पुस्तकांचं कपाट, पोर वाढेल तशा फळ्या वर सरकवता येणारं. जुन्या बाजारातली तबकडी बसवून केलेलं, नळाला लावून पाण्याचा दाब मोजायचं यंत्र. आणि तुमच्या नवलगावच्या पाणीपुरवठ्याचा नकाशा. अकरा वर्षं लागली. दोनशे चौदा व्हॉल्व्ह, प्रत्येकाचं जवळच्या पक्क्या भिंतीपासूनचं अंतर टेपने मोजलेलं. नगरपरिषदेकडे दुसरा नकाशा नाही. होता तो वाळवीने खाल्ला.

आता सहीचं. त्या दिवशी तू दारात उभी राहून, शेजारपाजार ऐकत असताना म्हणालीस, "तीनशे बारा घरं एका नववी नापास माणसाच्या सहीवाचून अडलीत, आणि तो माझा भाऊ आहे!" नववी नापास नाही. नववी पास, दहावीला बसलो नाही. फरक आहे.

नगरपरिषदेत अभियंत्याचं पद अडीच वर्षं रिकामं. मी एकोणीस वर्षं कंत्राटावर, त्यामुळे कागदोपत्री मलाच 'प्रभारी' केलेलं. सहीपुरता अभियंता, पगारापुरता मजूर. तुमच्या घरकुलांसाठी जे कर्ज काढायचं त्याला बँकेच्या दोन अटी. पगारावरचा खर्च कमी करा, आणि पाणी पुरेसं असल्याचा पाणीपुरवठा विभागाचा दाखला आणा.

पाणी पुरेसं नाही, नमू. त्या जागेपर्यंत चार इंची लाइन जाते. दिवसाआड पन्नास मिनिटं. मी सहा वेळा मोजलं, सहाही वेळा वेगवेगळ्या वारी. तीनशे बारा घरांत वाटलं तर घरटी दोन हंडे, आणि तुझ्या आत्ताच्या गल्लीत तेवढेही नाहीत. नवी लाइन अंदाजपत्रकात होती. कर्ज मर्यादेत बसावं म्हणून ते पान काढून टाकलं.

२६ फेब्रुवारीची सभा. विषय क्रमांक चार, घरकुलांचं कर्ज. क्रमांक पाच, आम्ही नऊ कंत्राटी कमी करणे. चारवर मी उभा राहून आकडे वाचायला लागलो. मुख्याधिकाऱ्यांनी थांबवलं.

"आपलं शिक्षण काय हो?"

सभागृह हसलं. मागून कोणीतरी म्हणालं, "साहेब, नळ सोडण्यात पीएचडी आहे त्यांची."

मी खाली बसलो. चार दाखल्यासाठी तहकूब झाला. पाच दीड मिनिटात मंजूर; घड्याळ मी लावलं होतं. २८ तारखेला आम्ही नऊजण घरी. दाखल्यावर सही करणारा माणूसच कपातीत गेला, हे साहेबांच्या लक्षात यायला सोमवार उजाडला. शिकलेली माणसं!

हसू नकोस. मी हसलो होतो, आणि तिथेच चुकलो.

तुला न सांगितलेली गोष्ट आता सांगतो. गवळीआळीच्या रस्त्याखाली एक सहा इंची लाइन आहे. कधीकाळी मंडई होणार होती, तिच्यासाठी टाकलेली. मंडई झाली नाही, दोन्ही टोकं बंद करून विसरले. २०१९ मध्ये गळती शोधताना मला सापडली. तीनशे ऐंशी मीटर, आतून स्वच्छ, दाब लावून पाहिलेली. ती थेट टाकीच्या मुख्य लाइनला जोडली तर तुमच्या घरांना रोज पाणी मिळेल, तेही नव्या लाइनच्या पाचव्या हिश्शात. माझ्या नकाशावर ती हिरव्या शाईत आहे. दुसऱ्या कोणाला ठाऊकच नव्हती.

सभेत हे सांगायलाच मी उभा राहिलो होतो. आकडे आधी, उपाय नंतर, असं ठरवून. मध्येच माझं शिक्षण विचारलं आणि मी बसलो. मनात म्हटलं, आता शोधा. येतील झक मारत.

अकरा दिवस मी ते पोटात ठेवलं. बँकेची मुदत ३१ मार्च, यादीत तुझा नंबर सत्तेचाळीस, सगळं माहीत असून. तू दारात ओरडलीस तेव्हाही उपाय माझ्या खिशात होता, घडी घालून. तू 'नववी नापास' म्हणालीस आणि मी तो तिथेच ठेवला. त्या साहेबावरचा राग मी तुझ्यावर काढला. हे लिहायला मला चार कागद फाडावे लागले.

सोमवारी, ९ मार्चला, स्वारगेटहून नेहमीची सहा दहाची बस पकडली. नोकरी नसताना. कंडक्टर म्हणाला, "काका, रविवारी सुट्टी नाही, आता काढल्यावरही नाही?" नगरपरिषदेच्या आवक खिडकीवर नकाशाची प्रत आणि दीड पानाची टिप्पणी दिली. शिक्का मारून घेतला. आवक क्रमांक ११८६. एक पैसा मागितला नाही, नोकरी परत मागितली नाही. मुख्याधिकारी दारातून म्हणाले, "ठेवा तिकडे."

२४ तारखेला पुन्हा सभा आहे. ते कागद सभेपुढे कोणी उघडतील याची मला खात्री नाही. तू जा. तुमच्या यादीतल्या बायांना घेऊन जा, आणि उभं राहून एवढंच विचार: ११८६ मध्ये काय आहे ते वाचून दाखवा. तुझं शिक्षण विचारलं तर बारावी पास सांग. आणि बसू नकोस.

आणखी एक. हे तुला बाहेरून कळेलच, आणि मीठमिरची लावून कळेल, त्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. परवा घरकुलांच्या ठेकेदाराचा माणूस, अभय, स्वारगेटला चहाच्या टपरीवर भेटला. मुद्दाम थांबला होता. दाखला टाइप करून आणलेला, तारीख २५ फेब्रुवारी, म्हणजे मी नोकरीत असतानाची.

"काका, फक्त सही. तुम्ही दिलेल्या नकाशातल्या हिरव्या लाइनचं आपण नंतर बघू, आत्ता त्यात वेळ जातो."

"नंतर कोण बघणार?"

"काका, तुम्ही घर बघा. कोणाचं ते तुम्हाला माहितीये."

चहा मी पूर्ण प्यायलो, माझे पैसे मी दिले, आणि नाही म्हणालो. त्याने देऊ केलं होतं ते असं: यादीतल्या सत्तेचाळीस नंबरला पहिल्या मजल्यावरचं, पूर्वेच्या खिडकीचं घर, आणि त्या नंबरने भरायचा सगळा हिस्सा त्यांच्याकडून. रुपये तीन लाख दहा हजार.

तुझा, नववी पास,
सीतारामदादा