सकाळी सहाचा होकार

अकोला,
८ जानेवारी २००७

प्रिय जीवन,

तुझा चाकणचा पत्ता तुझ्या करिश्माने दिला. फोन नंबरही दिला होता. दोनदा फिरवला आणि घंटा वाजायच्या आत ठेवून दिला. समोरून तू ‘बोल वकार’ म्हणालास की मी थंडीवर, तब्येतीवर बोलत राहणार आणि सांगायचं ते पुन्हा राहून जाणार, हे मला माहीत आहे. म्हणून हा कागद घेऊन बसलोय. माझं मराठी अक्षर तुला ठाऊक आहेच, सांभाळून घे.

आधी इकडचं सांगतो. दुकानात आता दुरुस्तीला रेडिओ येत नाहीत. मोबाइल येतात, कोणाच्या चहात पडलेले, कोणाच्या हौदात. आमच्या नगमाला बाळापूरला दिलं, ती सुखात आहे. हमिदाचे गुडघे दुखतात, जिना चढत नाही. गच्चीवरचा खांब आहे तसाच आहे, अँटेनाची एक दांडी गेल्या वादळात वाकली. सरळ केली नाही मी. सरळ करून बोलणार कोणाशी? मोर्शीकडे जाणं झालं दिवाळीनंतर, एका लग्नाला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जिथे संत्र्याच्या बागा होत्या, तिथे मैलभर तोडलेल्या झाडांची नुसती ठुठं दिसतात. बोअर आठशे फुटांवर गेले तरी कोरडे, असं बसमध्ये लोक बोलत होते. तुमच्या वळणावर मी खिडकीबाहेर पाहिलं नाही.

अमरावतीला पॉलिटेक्निकला असताना आपण जेवणाच्या ताटावर चमच्याने मोर्स वाजवायचो, खानावळवाली गंगूबाई चिडून भाजी वाढायची नाही. नागपूरला जाऊन हौशी रेडिओच्या परवान्याची परीक्षा दिली, दोघंही पास झालो. पुढे तू बागेत, मी दुकानात. मधे सव्वाशे किलोमीटर. तरी बावीस वर्षं रोज सकाळी सहाला आपण हवेतून भेटलो. बायकोशी बोललो नसेन इतकं मी तुझ्याशी बोललोय.

तुझा आवाज माझ्यापर्यंत यायचा तो अगदी बारीक. म्हणून खांबाच्या टोकाला आपण ती नाजूक डबी बसवली, आलेला आवाज मोठा करणारी, आणि खाली टेबलावर ताकदवान अ‍ॅम्प्लिफायर. एकाच तारेवर एक ऐकणारा, एक ओरडणारा. बटण दाबलं की आधी वरची डबी बाजूला व्हायला हवी, मग अँटेनाची तार इकडून तिकडे करणारा रिले पलटायला हवा, मग अ‍ॅम्प्लिफायर चालू, आणि सगळ्यात शेवटी आवाज सुटायला हवा. सोडताना बरोबर उलट. तेवढ्यासाठी मी दोन सारखे सिक्वेन्सर बनवले, एक तुला, एक मला. तू तुझ्या वडिलांना, आबांना, ते समजावून सांगत होतास तेव्हा मी तिथेच होतो. आबा सगळं ऐकून म्हणाले, “म्हंजे पयले कान झाकाचे, मंगच तोंड उघडाचं. मानसाले बी बसवून दे एखांदा.” किती हसलो होतो आपण!

मार्च २००४ मध्ये तुझी वरची डबी जळाली. घाईत तू सिक्वेन्सर काढून थेट बटण जोडलं होतंस. मी तुला अमरावतीच्या क्लबात सगळ्यांसमोर बोललो. म्हणालो, “बावीस वर्षं झाले, याले अजून कोनतं बटन पयले हे नाही समजत.” लोक हसले. तूही हसलास. पण परत जाताना तू माझ्याबरोबर चहाला थांबला नाहीस, ते माझ्या लक्षात आहे.

आता ऐक. त्याच वर्षी एप्रिलच्या शेवटी माझ्या सिक्वेन्सरमधला एक कपॅसिटर सुकला. रिले वेळेवर पलटेना. नवा भाग बाजारातून आणायला अर्धा तास लागला असता. मी एक वायर टाकून तो टप्पाच वगळला. उद्या पाहू म्हटलं. दुसऱ्या दिवशी सहाला बटण दाबलं आणि सगळी ताकद वरच्या डबीत गेली. ठिणगी नाही, वास नाही, काही नाही. बटण सोडलं तर कानात फक्त खरखर, आणि तिच्या तळाशी कुठेतरी तू. आवाज तुझा आहे एवढं कळायचं, शब्द कळायचे नाहीत.

नवा ट्रान्झिस्टर मुंबईहून यायला तीन आठवडे लागणार होते. एवढंच तुला सांगायचं होतं, की माझीही जळाली. क्लबातलं बोलणं आठवलं आणि मी सांगितलं नाही. माझा आवाज तुझ्याकडे चांगला पोहोचत होता, तुला संशय यायचं कारण नव्हतं. तुझी बोलायची ढब मला पाठ होती. तू थांबलास की मी म्हणायचो, “हो हो, बराबर.” अकरा दिवस मी तुला असं फसवलं, जीवन.

बाराव्या दिवशी, नऊ मेला, तू जरा जास्त वेळ बोललास. मला ‘आबा’ ऐकू आलं, ‘डोळे’ ऐकू आलं. आबांच्या मोतीबिंदूचं तू वर्षभर बोलत होतास, मला वाटलं तेच. तू थांबलास. बहुतेक काही विचारलं होतंस. मी म्हणालो, “हो हो, बराबर. समजलं.” तू पुन्हा काहीतरी म्हणालास, मी पुन्हा हो म्हटलं. हमिदा चहा घेऊन वर आली होती. तिने विचारलं, “क्या बोले जीवनभाई?” मी म्हणालो, “कुछ नै, वोइच, आबा की आँखें.”

त्या दिवशी अकोल्यात सेहेचाळीस होतं. मी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून आत झोपलो.

पाच वाजता सरकारी दवाखान्यातून फोन आला. आबांच्या खिशात तू लिहून दिलेली चिठ्ठी सापडली होती, माझं नाव आणि दुकानाचा नंबर. नव्या स्टँडवर ते अकराला उतरले होते. फाटकाजवळच्या चहावाल्याने मला नंतर सांगितलं. तो त्यांना चारदा म्हणाला, आत सावलीत बसा. दर वेळी ते म्हणाले, “नाही बापा, वकारले दिसलो पाह्यजे.” चिठ्ठी त्यांनी कोणाला दाखवली नाही. वकार येऊनच राहिला, असं त्यांनी धरलं होतं. साडेतीनला ते तिथेच कोसळले. मी पोहोचलो तेव्हा शुद्ध नव्हती. त्यांच्या पिशवीत हमिदासाठी घरच्या शेवया होत्या. त्या शेवया बघून मला कळलं, सकाळी तू काय सांगितलं होतंस: आबा येताहेत, त्यांना घ्यायला जा.

निरोप मिळताच तू निघालास, रात्री नऊला पोहोचलास, तोवर ते गेले होते. तुझ्या अंगावर लाकडाचा भुसा होता. त्या दिवशी बाग तोडायला माणसं येणार होती, आणि स्वतःच्या हातांनी लावलेली झाडं पडताना आबांनी डोळ्यांनी पाहू नयेत म्हणून तू त्यांना घाईघाईने एकट्याला माझ्याकडे पाठवलं होतंस, हे मला दहाव्याला कळलं. त्या रात्री दवाखान्यात तू एवढंच विचारलंस, “तू गेला नाहीस का रे?”

आणि मी म्हणालो, “गेलो होतो. जुन्या स्टँडवर. दोन वाजेपर्यंत वाट पाहिली.”

तू भिंतीला टेकून खाली बसलास. म्हणालास, “कोनतं स्टँड ते मी सांगतलंच नाही. माहंच चुकलं.” मी तुझ्या शेजारी बसलो, तुझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तुला तसंच समजू दिलं. तो हात अजून मला माझा वाटत नाही.

नंतर आपलं सहाचं बोलणं आठवड्यावर गेलं, मग बंदच झालं. तू गाव सोडलंस तेव्हाही मी स्टेशनवर आलो नाही. लोकांना वाटलं कामात असेल.

परवा करिश्मा दुकानात आली. नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे म्हणाली. अमरावतीहून अकोल्याला यायचं म्हणून तू तिला दिलेला कागद तिने पर्समधून काढून मला दाखवला आणि हसली. ‘नवा बसस्टँड, अकोला. जुना नाही’ असं तुझ्या अक्षरात, खाली दोन रेघा मारून. म्हणाली, “काका, बाबा कोनी बी कुठं निघालं का असाच कागद देतात. आबाले आपनच मारलं म्हनतात. आई समजावते, पन ते आयकत नाहीत.” मी पोरीला चहा पाजून वाटेला लावलं आणि शटर ओढून घेतलं. जीवन, तू स्टँडचं नाव दहादा सांगितलं असतंस तरी मी गेलो नसतो. मी कोणत्याच स्टँडवर गेलो नव्हतो. तुझं काही चुकलं नाही. माफी मागायला मी हे लिहीत नाही, ती मागायची माझी लायकी नाही. हे पत्र वहिनीला दाखव, करिश्माला दाखव, आणि त्यानंतर माझ्याशी काय करायचं ते तू ठरव. पण आबांना तू मारलंस, असं यापुढे कोणापाशी म्हणू नकोस.

म्हणू देशील तर अजून तुझाच,
वकार