दोन हजार वॉटचं मटण

११ नोव्हेंबर, मंगळवार
आजऱ्याला जाऊन तेजस्वीला बघून आलो. कॉलेजात फिजिक्स शिकवते. पोहे छान, मुलगी त्याहून छान. तिने छंद विचारला. तोंडातून निघालं, इलेक्ट्रिसिटी. (घरातले बल्ब मीच बदलतो. म्हणजे खोटं नाही.) रविवारी ती मंडळी आमचं घर बघायला गारगोटीला येणार. मटण मी करणार, विजेच्या शेगडीवर, वॉटचं गणित मांडून, असंही सांगून बसलो. लग्न ठरल्यात जमा. हॉल बघायला हवा.

१२ नोव्हेंबर
मोबाईलवर व्हिडिओ बघितला. व्होल्ट भागिले अँपिअर, रेझिस्टन्स. व्होल्ट गुणिले अँपिअर, पॉवर. संपलं. लोक यासाठी चार वर्षं इंजिनिअरिंग का करतात कळत नाही.
शेगडी आणली. २३० व्होल्ट, ८.७ अँपिअर, २००० वॉट. भागाकार केला, रेझिस्टन्स साडेसव्वीस ओहमच्या आसपास. गुणाकार २००१. दुकानदाराला चूक दाखवली. तो म्हणाला, ऱ्हाऊ द्या की पावणं, एक वॉट आमच्याकडनं.

१३ नोव्हेंबर, दुपार
ट्रायल. पाणी खळखळून उकळलं. मी जन्मजात इंजिनिअर आहे. आई म्हणाली, सांजच्याला लाईट मरगळती, गॅसवरच कर. आईचं सायन्स कच्चं.

१५ नोव्हेंबर, संध्याकाळ
स्टॅबिलायझरचा काटा १६० व्होल्टवर. घाबरलो नाही. शेगडीवर २००० वॉट छापलंय, छापलेलं थोडंच बदलतं? २००० भागिले १६०, साडेबारा अँपिअर. म्हणजे व्होल्टेज पडलं की करंट वाढतो. मटण उलट लवकर शिजणार. आईला हे समजावलं. तिने कुकर घासून ठेवला.

१६ नोव्हेंबर, रविवार
पाहुणे सहाला आले. तेजस्वी आणि तिचे वडील बाळासो. पातेलं चढवलं, काटा १६०वर. साडेबाराचं गणित ऐकवलं. तेजस्वीने विचारलं, कॉईल तीच, तर रेझिस्टन्स तोच राहील ना? मग करंट सहाच अँपिअर, आणि पॉवर हजाराच्या आत. म्हटलं, ते पुस्तकात. ती हसली. हसली म्हणजे पसंत.
आठ वाजले तरी मटण रबर. बाळासो तुकडा चावत म्हणाले, बोकड अजून जित्तं हाय व्हय? आई कुकर घेऊन आली, मी अडवलं, इज्जतीचा प्रश्न होता. शेजारून दुसरी शेगडी आणून लावली. फ्यूज उडाला. पाहुणे मेणबत्तीत खर्डा-भाकरी खाऊन गेले. घर बघायला आले होते, तेवढं राहिलं.

१७ नोव्हेंबर
निरोप नाही. मुहूर्त बघत असणार. रबर आई अजून शिजवतेय. गॅसवर.

१९ नोव्हेंबर, बुधवार
तेजस्वीचा फोन, आपणहून. नवा शर्ट घालून मग उचलला. म्हणाली, ते साडेबारा अँपिअरचं गणित पुन्हा सांगता का, उद्या वर्गात ‘चूक शोधा’ म्हणून द्यायचंय. सांगितलं. मग धीर करून लग्नाचं विचारलं. म्हणाली, ते जमायचं नाही, बाबांनी कळवलं नाही का? तरी म्हटलं, निदान फळ्यावर नाव घालू नका. तिने विचारलं, नाव विजयसिंह ना?
मी विश्वजित. पण हो म्हटलं.