आत्याचा काळा कोट

१० जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. आठवा महिना लागलाय आणि कोटाचं बटण लागत नाही. बाररूममधले वकीलबंधू वाट सोडतात, पण चेष्टा करत.

माझ्या त्या अशील बाईची लेक तिच्या नवऱ्याने ठेवून घेतली आहे ना, तिच्या ताब्याच्या अर्जाची सुनावणी पुढच्या आठवड्यात. डॉक्टरीण म्हणते, पडून राहा. मी थोडी पुढची तारीख मागितली, तर जज्जसाहेब म्हणाले, झेपत नसेल तर एखाद्या पुरुष वकिलाकडे द्या. कसं देऊ? नवऱ्याबद्दल तिने जे मला सांगितलं, ते पुरुषासमोर सांगायला तिची जीभ उचलत नाही. मी पार हात टेकलेत.

तुझी,
तोफ

१४ जानेवारी

चि. तोफेस,
अनेक आशीर्वाद.

रडून झालं असेल तर पार्सल उघड. माझा कोट आहे. कुशीची शिवण उसवून सैल केलाय, नातवंड आणि फाइल दोन्ही मावतील. मला जज्ज विचारायचे, बाई, तुमचे वकील कुठे आहेत? तुला निदान वकील समजतात, तेवढीच प्रगती. मी वैतागून कोर्टाची पायरी पुन्हा न चढण्याची शपथ घेतली. आता वकिलीची सनद कपाटात आणि गुडघ्यांना तेल. तू मात्र उभी राहा. उभं राहवेना तर बसून बोल, पण बोल.

माया आटायची नाही, काळजी नको.
आत्या

२१ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

कोट छान बसला. बाई माझ्याआधीच दारात उभी होती, पिशवीत लेकीसाठी लाल स्वेटर. पुकारा झाला, मी उठले, आणि समोरचे वकील म्हणाले, घसा बसलाय, तारीख द्यावी. जज्जसाहेबांनी लगेच दिली, वर मिठाच्या गुळण्या करा म्हणाले. मी हरकत घेतली, त्यांनी मानही वर केली नाही.

नवी तारीख मार्चमधली. डॉक्टरणीने मला बाळंतपणाची दिलीय, तीच. तोवर लेक तिकडेच. त्या दिवशी आमच्या बाजूने कुणी उभं राहिलं नाही तर अर्ज निकालात काढू, असं बजावलंय. बाईने विचारलं, तुम्ही याल ना? मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

तुझी शपथ ठाऊक आहे. तरी येशील का? दवाखान्यात नव्हे, कोर्टात.

कोट परत पाठवतेय. शिवण पुन्हा आत घे.

लोभ आहे म्हणूनच मागते,
तोफ