उटीला मी येत नाही

अहो,

उटीच्या बंगल्यात भांडी मिळणार नाहीत, म्हणून स्टोव्ह, दोन पातेली, तवा आणि पोळपाट-लाटणं मोठ्या ट्रंकेत भरलंय. तांदूळ, डाळ अन् गोडा मसाला पिशवीत आहे. रॉकेलचा डबा जवळ ठेवू नका, डाळीला वास लागतो.

सकाळी जयनगरच्या बाजारात तुमच्या साहेबांच्या मिसेस भेटल्या. "नीलाताई, उटीला रोज तुमच्या हातचं जेवायचं म्हणून मुलं नाचतायत," म्हणाल्या. मला काही कळेना. साहेबांचं अख्खं घर आपल्याबरोबर येणार आणि सगळ्यांचा स्वयंपाक मी करणार, असं तुम्ही महिन्यापूर्वीच कबूल केलंत म्हणे. लग्नानंतर पहिल्यांदाच दोघं कुठे जाणार, म्हणून परवा मी नवी साडी नेसून दाखवली. तुम्ही "छान दिसते" म्हणालात आणि पेपरात डोकं घातलंत.

मी अक्काकडे मल्लेश्वरमला चाललेय. न्यायला येऊ नका, सकाळची बस चुकेल. भाताला दुप्पट पाणी घाला.

त्या मुलांसाठी मी आनंदानं रांधलं असतं हो. मला एकदा विचारायचं तरी होतंत.

नीला